विचारले असते तर

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयीन मुलींशी समुपदेशक म्हणून बोलताना एक प्रश्न वारंवार कानी येतो: सर्वांच्या देखत काढलेला, काहीही वावगे नसलेला व्हिडिओ कुणी परस्पर टाकला, तर तक्रार करणे हा कांगावा ठरतो का?

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका मुलीची हकिकत, तिला विचारून आणि ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात भाकरी थापताना ती गाणे गुणगुणत होती. वर्गमित्राने ते टिपून रील टाकले. चार दिवसांत ते तिच्या गावच्या पारावर पोहोचले आणि वडिलांनी कॉलेज बंद करण्याची भाषा सुरू केली.

“मॅडम, त्याच्यात वाईट काहीच नाही, मंग मले एवढं काहून लागलं?”

भावनेच्या मुळाशी असलेली समजूत तपासावी, ही माझी वर्षानुवर्षांची पद्धत. म्हणून पहिल्या दोन भेटी ‘लोक काय म्हणतील’ याभोवतीच गेल्या आणि फारसे काही हलले नाही. तिसऱ्या भेटीत मी विचारले, “टाकायच्या आधी त्यानं तुला विचारलं असतं तर?”

ती बराच वेळ ओढणीच्या टोकाला पीळ देत बसली. मग म्हणाली, “बहुतेक मी हो म्हटलं असतं.” आणि पहिल्यांदाच रडली.

तिला व्हिडिओ बोचत नव्हता; हो म्हणण्याची संधीच तिच्या हातून काढून घेतली गेली होती. हे मला तिच्या उत्तराने शिकवले, आणि तेव्हापासून अशा प्रत्येक मुलीला मी हाच प्रश्न आधी विचारते.

आवारात सर्वांसमोर वावरणे म्हणजे चित्रीकरणाला संमती नव्हे, आणि फोटो काढू देणे म्हणजे तो पसरवू देणे नव्हे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले. स्नानगृहासारख्या खाजगी जागी स्त्रीचे चोरून चित्रण करणे तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हाच आहे. न विचारता कुणी व्हिडिओ काढला किंवा टाकला, तर आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवावी, मग महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे किंवा पोलिसांकडे जावे. जिथे हेतू वाईट नसेल, तिथे मात्र स्वतः बोलून पाहण्याचा मार्गही खुला असतो.

तिने तोच निवडला. माझ्यासमोर बसून तिने त्याला लिहिले: “व्हिडिओ चांगला आहे. पण तो माझा आहे. काढून टाक.”