माणूस हवा, व्हिडिओ नको

‘व्हिडिओ पाठवू नका म्हटलं तर नातं तुटेल का?’ हा प्रश्न जळगावच्या माझ्या समुपदेशन कक्षात इतक्यांदा येतो की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

अमळनेर माहेर असलेल्या एक शिक्षिका झोप लागत नाही म्हणून आल्या. यावल तालुक्यात शेती करणारे त्यांचे थोरले दीर पहाटेपासून व्हॉट्सॲपवर भजने, विनोद, अपघातांची दृश्ये, मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे इशारे असे काही ना काही पाठवत. बाईंनी आवाज केव्हाच बंद केला होता. तरीही रात्री सगळे उघडून प्रत्येकाखाली जोडलेले हात टाकल्याशिवाय त्या अंथरुणाला पाठ टेकत नसत. फोन गप्प झाला होता, धास्ती तशीच होती.

“दादांना सांगून का पाहत नाही?”

“दादासले राग यी ना!” एरवी प्रमाण मराठी बोलणाऱ्या बाई एकदम अहिराणीवर आल्या.

“ते बामणोदची भरताची वांगी पाठवतात ना? पोतंभर आली तर?”

“सांगते की, दादा, घरात आम्ही चौघं, आता पुरे.”

“रागावतात?”

“नाही हो, हसतात.” त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे मी दादांना नाही म्हणत नाही, वांग्यांना म्हणते.”

हे वाक्य त्यांचे त्यांना सापडले, आणि त्याआधीचा प्रश्न मला सुचला याचे समाधान मला आजही आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी भिस्त आहे. घटनेपेक्षा तिच्याविषयीचा आपला हट्ट आपल्याला अधिक छळतो, असे ती सांगते. ‘सासरचा प्रत्येक माणूस माझ्यावर सदैव खूश असलाच पाहिजे’ हा बाईंचा हट्ट होता. तो ‘खूश असले तर बरे’ इतका सैल झाला, तेव्हा बोलायला शब्द मिळाले.

असे बोलणे कुटुंबाच्या ग्रुपवर चारचौघांत करू नये, फोनवर करावे, आणि नको ते सांगताना हवे तेही सांगावे: “दादा, तुमचा फोन आला की बरं वाटतं, व्हिडिओ मात्र मला पाहवत नाहीत, ते पाठवू नका.” खोटी सबब देऊ नये, नेट संपते म्हणाल, तर खानदेशातले दीर रिचार्ज मारून देतील! फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करणे आणि आपल्याला ग्रुपमध्ये कोणी घ्यावे हे ठरवणे या सोयी सेटिंग्जमध्ये आहेत. मात्र त्या बोलण्यानंतरच्या.

टोळीच्या इशाऱ्यांबाबत मी भीड धरू दिली नाही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाड्यात अशाच अफवेपायी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसे ठार मारली, हे आपल्या भागात तरी कोणी विसरू नये. बाईंनी ते दादांना स्पष्ट सांगितले.

दादांनी आठवडाभर अबोला धरला. तो बाईंना जड गेला, पण सोसला. अजूनही सणासुदीला एखादे भजन येते. त्या ते सवडीने ऐकतात किंवा ऐकत नाहीत.

हे सारे आपुलकीने पाठवणाऱ्यांपुरते आहे. कोणी अश्लील चित्रफिती पाठवत असेल, तर समजावत बसू नये. पुरावा जपून ठेवावा आणि पोलिसांकडे जावे, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार तो गुन्हा आहे, मग पाठवणारा नात्यातला का असेना.