पॉलिसीवर कर्ज काढून सिम्युलेटर घेऊ नका

एका वडिलांनी मला पाठवलेल्या पत्राचा सारांश असा: वय ४६, घरात एकटे कमावते. मुलगी १६ वर्षांची, तिला व्यावसायिक वैमानिक व्हायचं आहे. सध्या ती घरातल्या जुन्या लॅपटॉपवर, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर, कीबोर्डनंच फ्लाइटगिअर हा मोफत सिम्युलेटर (विमान उडवायचा सराव देणारा प्रोग्राम) चालवते. वडिलांना तिच्यासाठी दमदार कॉम्प्युटर घ्यायचा आहे. लिनक्स ठेवून एक्स-प्लेन १२ हा विकतचा सिम्युलेटर घ्यावा की विंडोजवर जाऊन मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, आणि विक्रेत्यानं कोटेशनमध्ये धरलेलं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग) घ्यावं का, हे दोन प्रश्न. पैसे तिच्या शिक्षणासाठी काढलेल्या विमा पॉलिसीवर कर्ज काढून उभे करायचे आहेत. “घरी सराव झाला की प्रशिक्षणाचे पन्नास तास तरी वाचतील, म्हणजे कॉम्प्युटर फुकटातच पडला,” असं ते लिहितात.

पत्रलेखकाची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांचा महिन्याचा हातात येणारा पगार १०० धरतो. पुढचे सगळे आकडे त्याच मापात आहेत.

आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं, कारण ती सोपी आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम आधी निवडायची नसते. सिम्युलेटर निवडला की ती आपोआप ठरते. एक्स-प्लेन १२ लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हींवर थेट चालतं. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर, २०२० चा असो की २०२४ चा, कॉम्प्युटरवर अधिकृतपणे फक्त विंडोजवर चालतो. प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून लिनक्सवर तो चालवणारे लोक आहेत, पण एखाद्या अपडेटनंतर बंद पडला तर दाद कुणाकडे मागणार? शिवाय त्याची देखणी जमीन इंटरनेटवरून येत राहते, त्यामुळे लाइन भरवशाची हवी. जगाचा देखावा हवा असेल तर मायक्रोसॉफ्ट. विमानातल्या उपकरणांवरच्या सरावासाठी, तेही लिनक्सची सवय असलेल्या घरात, एक्स-प्लेन पुरेसं आहे. त्याचा डेमो मोफत मिळतो, तो आधी चालवून बघा. विंडोज लागलंच तर ११ घ्या, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आणि ते वेगळ्या एसएसडीवर (साठवणीच्या वेगवान डिस्कवर) टाका, म्हणजे तुमचं लिनक्स सुखरूप राहील. लायसन्सचा खर्च एकूण खर्चात किरकोळ आहे, त्यावर झोप घालवू नका.

कोटेशन मात्र मी ओळ न ओळ वाचलं. एकूण २५०. त्यात एकटं ग्राफिक्स कार्ड ११०, तीन फोर-के मॉनिटर ४५, काचेचं दिव्यांचं कॅबिनेट आणि लिक्विड कूलिंग मिळून १८, वाढीव वॉरंटी १२. आणि जॉयस्टिक? २. रडर पेडल्स (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायची पायातली पेडल्स) तर यादीतच नाहीत! याला ‘पायलट पॅकेज’ म्हणतात. ज्या मुलीला विमान शिकायचं आहे तिच्या पायाखाली काहीच नाही आणि कॅबिनेटला दिवे आहेत, हे बघून मला राग आला.

सिम्युलेटर इतर गेमसारखा नसतो. गजबजलेल्या विमानतळावर उतरताना अनेकदा प्रोसेसरचा एकच मुख्य थ्रेड (कामाचा धागा) दमतो आणि महागडं कार्ड त्याची वाट बघत बसतं. म्हणून मोठ्या कॅशचा (आतल्या वेगवान मेमरीचा) प्रोसेसर इथे पैसे वसूल करतो. रायझन ७ ५८००एक्स३डी किंवा ७८००एक्स३डी सिम्युलेटरवाल्यांत लोकप्रिय झाले ते त्यांच्या ९६ एमबी एल-थ्री कॅशमुळे. मायक्रोसॉफ्टनं २०२४ च्या सिम्युलेटरसाठी शिफारस केली आहे ती ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी मेमरीच्या आरटीएक्स २०८० वर्गातल्या कार्डाची. म्हणजे आजचं मधल्या फळीतलं कार्ड. फोर-के मॉनिटरवर फुल एचडीच्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. तसे तीन मॉनिटर जोडायचे आणि मग ते पेलायला ११० चं कार्ड घ्यायचं, हा खर्च विक्रेत्यानंच निर्माण केला आहे. सेकंदाला स्थिर ३० फ्रेम (चित्रं) मिळाल्या तरी विमान नीट उडवता येतं.

माझी यादी: प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ३२ जीबी रॅमला ३५, कार्डाला २५, एसएसडी, पॉवर सप्लाय आणि साध्या कॅबिनेटला १२, फुल एचडी आणि फोर-के यांच्या मधल्या एका १४४०पी मॉनिटरला १०, स्टिक, थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) आणि पेडल्सला ८. एकूण ९०. यातले शेवटचे ८ सगळ्यांत आधी खर्च करा, कारण ही उपकरणं आजच्या लॅपटॉपलाही जोडता येतात.

आता पन्नास तासांबद्दल. हे तास वाचणार नाहीत. परवान्याच्या तासांत घरचा कॉम्प्युटर धरला जात नाही; धरलं जातं ते विमान वाहतूक नियामकानं मान्यता दिलेलं उपकरण, आणि तेही ठरावीक मर्यादेतच. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे खासगी वैमानिकाच्या परवान्याला किमान ४० तास लागतात आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण उपकरणावरचे त्यांतले जेमतेम अडीच तास चालतात, तेही प्रशिक्षकाबरोबर केलेले. एक्स-प्लेनवर चालणारी मान्यताप्राप्त उपकरणं आहेत, पण ती व्यावसायिक लायसन्स आणि ठरावीक हार्डवेअरसकट. आपण घरी उतरवून घेतो ती प्रत त्यात बसत नाही. व्यावसायिक परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा किमान निकष २०० तासांचा आहे, मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात १५०. ते तास पैसे मोजूनच भरावे लागतात.

सरावाचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. चेकलिस्ट, रेडिओवरची भाषा, उपकरणांवरून नजर फिरवायची सवय, हे सगळं घरी पक्कं होतं आणि तोच धडा प्रशिक्षकाबरोबर पुन्हा उडवायची वेळ कमी येते. उलट बाजूही आहे. सिम्युलेटरवर वाढलेली मुलं खऱ्या विमानात बाहेर क्षितिजाकडे बघायचं सोडून डायलवर डोळे लावून बसतात आणि प्रशिक्षकाला ती सवय मोडावी लागते. तेव्हा कॉम्प्युटर हौस आणि अभ्यास म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून नको.

तुम्ही न विचारलेला प्रश्न याहून फार मोठा आहे. पत्रात पॉलिसीची चार वाक्यं ओझरती आली आहेत. मला ती दोनदा वाचावी लागली. वर्षाला हप्ता ६०, मुदत १५ वर्षं, भरून झाली सहा, मृत्यू झाल्यास मिळणार ६००, मुदतीअखेर अंदाजे १,२५०. एजंट याला “जवळपास दीडपट” म्हणाला. ९०० भरून १,२५० मिळतात, पण पंधरा वर्षांत. वर्षाला पडतात सुमारे ४ टक्के. आणि मिळतात कधी? मुलगी २५ वर्षांची झाल्यावर. तिला प्रशिक्षणाचे पैसे लागणार अठरा-एकोणिसाव्या वर्षी. ‘मुलीच्या शिक्षणाची योजना’ म्हणून गळ्यात मारलेल्या या कागदाची मुदत तिच्या शिक्षणाशी जुळतच नाही. विकणाऱ्यानं तिचं वय विचारून बोटावर एक बेरीज केली असती तरी हे कळलं असतं.

त्यावर आता २४० चं कर्ज, १० टक्क्यांनी. “व्याज आत्ता भरू नका, शेवटी वळतं होईल,” हा सल्ला ऐकाल तर नऊ वर्षांत त्याचे साधारण ५६५ होतात. १,२५० मधून ते गेले की हाती ६८५. म्हणजे ९०० भरून ६८५, आणि मध्ये मिळाला काय तर नऊ वर्षं जुना कॉम्प्युटर. व्याज न भरता साचत गेलं आणि कर्ज सरेंडर रकमेच्या (पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणाऱ्या पैशांच्या) पुढे गेलं, तर पॉलिसीच बंद होऊ शकते.

पण मला सर्वांत जास्त काळजी त्या ६०० ची आहे. घरात एकटे कमावते तुम्ही, आणि तुमच्यामागे कुटुंबाला मिळणार सहा महिन्यांचा पगार. कर्ज काढलंत तर दाव्यातून तेही वजा होणार, उरले ३६०. चार महिनेसुद्धा नाहीत. वैमानिक होणं बाजूलाच राहिलं, तुमच्या मुलीचं बारावीनंतरचं साधं शिक्षणही त्यात होणार नाही. तुम्हाला हे कुणीच सांगितलं नाही, कारण ज्यानं सांगायचं त्याला हप्त्यावर कमिशन होतं.

म्हणून कर्जाचा अर्ज भरू नका. वार्षिक पगाराच्या निदान दहापट, म्हणजे १२,००० चा शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घ्या, तुमच्या निवृत्तीपर्यंतचा. त्यात परत काही मिळत नाही, मिळायला नकोच. “पण मग पैसे वाया गेले ना” हे वाक्य एजंटच्या तोंडी शोभतं, तुमच्या नाही. नवी पॉलिसी हातात पडून सुरू होईपर्यंत जुनीला हात लावायचा नाही. हा क्रम चुकवू नका.

मग जुनी सरेंडर करा. तुम्ही कळवल्याप्रमाणे आज २७० मिळतात, म्हणजे भरलेल्यातले ९० बुडाले. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: गेलेलं गेलं असं धरून पुढचाच हिशेब केला, तर आजचे २७० आणि उरलेले हप्ते यांच्यावर ही पॉलिसी वर्षाला जवळपास ७ टक्के देते. पैसे नऊ वर्षांनीच लागणार असते तर मी चालू ठेवा म्हटलं असतं. पण ते तीन वर्षांत लागणार आहेत. २७० आणि दर वर्षीचे ६० सुरक्षित ठेवीत ६ टक्क्यांनी ठेवले, तर तीन वर्षांनी सव्वापाचशेच्या आसपास होतात. मुदत विम्याचा हप्ता याच ६० मधून गेला की थोडे कमी.

तुम्ही प्रशिक्षणाचा खर्च ४,००० धरला आहे. वरचे पाचशे आणि तुमची महिन्याची १५ ची बचत धरून तीन वर्षांत जमतात हजारभर. उरलेले ३,००० कर्जानं उभे करायचे तर १० टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी, महिन्याला ४० हप्ता बसतो. तुमच्या वयाच्या एकोणसाठीपर्यंत, पगाराच्या चाळीस टक्के. हे झेपणार नाही, आणि “ती लगेच नोकरीला लागून फेडेल” या आशेवर तर मुळीच काढू नका. परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं या धंद्यात होत नाही.

रस्ता बंद नाही, लांबचा आहे. तिला आधी पदवी करू द्या. त्या काळात तुमची रक्कम वाढेल. खासगी परवाना हा पहिला टप्पा स्वतंत्र घेता येतो. तो झेपला, तिला खरोखर आवडला, तर पुढचा. आणि प्रशिक्षण संस्थेला एक पैसाही देण्याआधी तिची वैमानिकांसाठीची वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी करून घ्या. ती पास झाल्याशिवाय व्यावसायिक परवाना वापरता येत नाही, आणि डोळ्यांचा किंवा हृदयाचा एखादा दोष अर्धी फी भरल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेला बरा.

कॉम्प्युटर सहा महिन्यांनी घ्या. १५ गुणिले ६ म्हणजे ९०, माझ्या यादीइतकेच. कर्ज नाही, हप्ते नाहीत.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि एजंटनं “फॉर्मवर लिहू नका, हप्ता वाढतो” असं सुचवलं होतं. मुदत विम्याच्या अर्जात ती गोळी नावासकट, डोससकट लिहा. हप्ता थोडा वाढेल. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला गेला तर तो भांडायला तुम्ही नसाल, तुमची बायको आणि मुलगी असेल.