कोल्हापूर ते पुणे, दोन महिन्यांचं पिल्लू: सीटचं नंतर बघा, आधी लसीचं कार्ड बघा

रविवारी कोल्हापूरजवळच्या केनेलमधून, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांकडून, लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणताय, मागच्या सीटवर ठेवू की क्रेटमध्ये (प्रवासाच्या पिंजऱ्यात) आणि वाटेत खायला काय देऊ, असं विचारलंत. हाच रस्ता, हीच जात, आमचेही हेच प्रश्न होते, म्हणून जरा लांबण लावतोय. मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

सीटचं उरकतो. मागेच ठेवा, क्रेट असेल तर बेल्टने आवळून, आणि शेजारी घरचं कुणीतरी बसवा. पुढे मांडीवर अजिबात नको, समोर एअरबॅग असते.

खरी भानगड गाडीत बसायच्या आधीच होते. आम्ही केनेलवाल्यांना फोनवर बजावलं होतं की निघायच्या आधी दोन-तीन तास पोटात काही नको. पोचलो तर पिल्लू परातीतलं दूध-चपाती चाटून पुसून खात होतं. ‘उपाशी कसं पाठवायचं साहेब?’ किणीचा टोलनाका सुखात गेला. कराड येईपर्यंत ओकारी सुरू झाली आणि साताऱ्याच्या पुढे जुलाब. या वयात कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा पुरती तयार नसते, त्यामुळे गाडी लागणं नेहमीचंच. त्यात गाईचं दूध अनेक पिल्लांना पचत नाही. पण पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूच्या आजाराची, सुरुवातही ओकारी-जुलाबानेच होते. मग गाडीतच लसीचं कार्ड उघडलं. तारखा बॉलपेनने, सही कुणाची ते कळेना, स्टिकर एकही नाही.

लसीच्या बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. ते नसेल तर लस दिली की नुसतं लिहिलं, हे कुणालाच सांगता येत नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी कार्ड बाजूला ठेवलं. शीची पार्व्हो टेस्ट झाली, निगेटिव्ह आली, तरी सलाइन लावावं लागलंच, आणि लसी पुन्हा पहिल्यापासून. केनेलला फोन केला की आज ‘डॉक्टर गावाला गेलेत’, उद्या ‘स्टिकर पडला असेल’. मग फोन उचलणंच बंद. पैसे मात्र रोख मोजून घेतले होते, पावती न देता. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, ब्रीडरने (पैदास करणाऱ्याने) राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, असे केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. नोंदणीचा विषय काढल्यावर जो ब्रीडर हसतो त्याच्याकडून पिल्लू घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. कुणाला पटणार नाही, असो.

म्हणून रविवारची वाट बघू नका. कार्डाचा फोटो आजच मागवा. स्टिकर, डॉक्टरांचा शिक्का आणि जंताचं औषध कधी दिलं ती तारीख, एवढं दिसलं पाहिजे. पैसे पुढ्यात असतात तोवरच माणसं कागद शोधून देतात. सध्याचं खाणंही थोडं मागून घ्या. घरी आल्या आल्या ब्रँड बदलला की पुन्हा जुलाब. आईच्या अंगाखालचं फडकं मिळालं तर सोन्याहून पिवळं, पिल्लाला ओळखीचा वास राहतो.

वाटेत ढाब्यावर उतरलात तर पिल्लाला जमिनीवर सोडू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाइलला दाद देत नाही, आणि तुमच्या पिल्लाचे डोस अजून पुरे व्हायचेत. शी-शूसाठी गाडीतच वर्तमानपत्र अंथरा. पाणी घोटघोट. माणसांची उलटीची गोळी मनाने देऊ नका. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या उतारावर जो गाडी चालवतोय त्याला आधीच दम देऊन ठेवा, आमच्याकडे मेहुणे होते. आणि बंद गाडीत पिल्लू ठेवून चहाला जाऊ नका, काच बोटभर खाली असली तरी.

घरी ओवाळायला सगळी बिल्डिंग जमवू नका, आधी झोपू द्या. सोसायटीवाले कुरकुरले तर प्राणी कल्याण मंडळाचं परिपत्रक आहे, पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण लिफ्टमध्ये शू झाली तर आपणच पुसायची, तिथे वाद घालू नये.

कार्डाचा फोटो आला की नाव-नंबर झाकून इथे टाका, नजर टाकतो. ओकारी-जुलाब एकदम दिसले किंवा पिल्लू मलूल पडलं, तर इथे विचारत न बसता वाटेतलाच दवाखाना गाठा. साताऱ्यातला एखादा नंबर आधीच मिळवून ठेवा, कारण रविवारी बरेच बंद असतात.