वकीलताईंना विचारा: ‘शिकायत बंद करवा दो’

प्रश्न: ताई, माझा मुलगा 22 वर्षांचा आहे. बी.कॉम. झाला, औषधांच्या एका होलसेलरकडे हिशेब बघतो. गेल्या महिन्यात शनिवारी रात्री दोन मित्रांबरोबर सराफ्यात खायला गेला होता. परतताना साडेबाराच्या सुमारास एका चौकात चेकिंग लागलं होतं. गाडी मित्राची, लायसन्स घरी राहिलेलं. माझा मुलगा एवढंच म्हणाला, ‘चालान बना दीजिए, भर देते हैं, पर रसीद दीजिए.’ त्यावर एकाने त्याच्या कानाखाली वाजवली, मोबाइल काढून घेतला आणि त्याला एकट्यालाच ठाण्यात नेलं. पहाटे पाचपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, घरी फोन करू दिला नाही. ‘151 में बंद कर देंगे’ अशी धमकी देत कोऱ्या कागदावर सही घेतली आणि सोडलं. मोबाइल चौथ्या दिवशी मिळाला, त्याचीही पावती नाही. कान ठणकत होता म्हणून डॉक्टरांना दाखवलं तर पडद्याला भोक निघालं. मी 181 वर, सीएम हेल्पलाइनला, तक्रार केली. आता ठाण्यातून रोज फोन येतो, ‘मैडम, शिकायत बंद करवा दो, बच्चे के भविष्य का सवाल है.’ यजमान 68 वर्षांचे आहेत, बायपास झालेली. ते म्हणतात, बंद कर. मी काय करू?
एक आई, इंदूर

उत्तर: तुमचं पत्र वाचलं आणि एकच गोष्ट खटकत राहिली. कानाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय, ते तुम्ही कळवलं नव्हतं. म्हणून संपादकांकडून तुमचा नंबर घेतला आणि फोन केला. तुम्ही चिठ्ठी वाचून दाखवलीत. ‘स्कूटरवरून पडल्याने’ हे शब्द आल्यावर तुम्हीच थांबलात. मुलाने डॉक्टरांना खरं सांगितलं नव्हतं. त्याला रागावू नका. तीस वर्षांत मी अशा कितीतरी चिठ्ठ्या पाहिल्या; आमच्या कोर्टात ‘जिन्यावरून पडलेली’ माणसं इतकी यायची की शहरातले सगळे जिने दुरुस्तीला काढावेत असं वाटायचं.

तर पहिलं काम हे. मुलाला घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा, खरं काय ते सांगा, आणि आजच्या तारखेची नवी नोंद मागा: रुग्ण काय सांगतो, पहिल्यांदा भीतीने काय सांगितलं होतं, आज पडद्याची स्थिती काय आहे. जुनी चिठ्ठी बदलून मागू नका. डॉक्टर बदलून देणार नाहीत, आणि दिली तर समोरचा वकील तेवढ्यावरच तुमची केस खाईल. सोबत एम.वाय. या सरकारी रुग्णालयात जाऊन एमएलसी, म्हणजे पोलिसी प्रकरणासाठीची वैद्यकीय नोंद, करून घ्या. उशीर झाला आहे, तो उशीर कागदावर दिसेलच. का झाला हेही त्याच कागदावर येऊ द्या.

आता 181. तक्रार बंद करू नका, पण तिच्यावर विसंबूनही राहू नका. ही हेल्पलाइन पायऱ्यांची आहे, एल-वन ते एल-फोर. ठाण्याविरुद्धची तक्रार पहिल्या पायरीवर त्याच ठाण्याच्या टीआयसमोर, म्हणजे ठाणेदारासमोर, जाऊन पडते. म्हणजे ज्याच्याबद्दल रडायचं त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवायचं. वर जाऊ नये म्हणून ते तुम्हाला फोन करतात. शिल्लक तक्रारींचा हिशेब त्यांना वर द्यावा लागतो. फोन आला की भांडू नका. ‘जो कहना है, लिखित में भेजिए’ एवढं म्हणा आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात वेळ आणि नंबर टिपून ठेवा. दूधवाल्याचा खाडा मांडतो ना, तसं.

तुमच्या केसचा जीव मात्र दोन ठिकाणी आहे: रोजनामचा सान्हा आणि कॅमेरा.

रोजनामचा म्हणजे ठाण्याची रोजची डायरी. कोण आलं, कोण गेलं, कोणाला आणलं, कोणता शिपाई कधी कुठे निघाला, सगळं वेळेसकट तिथे यायला हवं. तुमच्या मुलाची अटक दाखवलेली नाही. मग माझा अंदाज असा की त्या रात्री तो ठाण्यात आलाच नव्हता, असं रोजनामचा सांगेल. आणि कॅमेरा सांगेल की तो साडेचार तास बाकावर होता. 2 डिसेंबर 2020 ला परमवीर सिंह सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हुकूम दिला आहे की प्रत्येक ठाण्यात दारापासून लॉकअपपर्यंत, व्हरांड्यात, इन्स्पेक्टरच्या खोलीतसुद्धा कॅमेरे हवेत, त्यात आवाजही यायला हवा, आणि चित्रण 18 महिने जपायला हवं. कॅमेरे बंद असतात, ‘तकनीकी खराबी’ असते, हे मला माहीत आहे. सुप्रीम कोर्टालाही माहीत आहे, सप्टेंबर 2025 मध्ये त्यांनी याच गोष्टीची स्वतःहून दखल घेतली. म्हणून आजच दोन कागद करा. एक अर्ज डीसीपींच्या (पोलीस उपायुक्तांच्या) नावाने, स्पीड पोस्टने: अमुक तारखेच्या रात्री साडेबारा ते सकाळी साडेपाचचं फुटेज जपून ठेवा. दुसरा माहितीच्या अधिकाराखाली, दहा रुपये भरून: त्याच वेळेचं फुटेज आणि रोजनामच्याची नक्कल द्या. नकार आला तर नकाराचा कागदही फाइलला लावा. पुढे कोर्टात ‘फुटेज उडून गेलं’ म्हणाले, तर तुमची पोस्टाची पावती दाखवता येते की आम्ही वेळेत मागितलं होतं.

आता ‘151’. लोकांच्या आणि पोलिसांच्याही तोंडात हा आकडा बसला आहे, पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ते कलम 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 170 झालं. गुन्हा होण्याआधीच, होऊ नये म्हणून धरायचं, असं ते कलम. पूर्वी अशा माणसाला तहसीलमध्ये एसडीएमसमोर (उपविभागीय दंडाधिकाऱ्यासमोर) नेत. 9 डिसेंबर 2021 ला इंदूर आणि भोपाळमध्ये कमिश्नर प्रणाली आली, तेव्हापासून ते अधिकार एसीपींकडे, म्हणजे सहायक पोलीस आयुक्तांकडे, आहेत. धरणाराही खाकीत आणि जामीनपत्र घेणाराही खाकीत. म्हणून त्या धमकीला वजन आहे, हे मी नाकारत नाही. पण पावती मागणं हे शांतताभंगाचं कारण होत नाही. आणि अटक न दाखवता माणसाला रात्रभर बसवून ठेवणं हा न्याय संहितेच्या कलम 127 चा गुन्हा आहे. कोऱ्या कागदाबद्दल मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावं: कधी, कोणी, कोणत्या टेबलावर, कुठल्या रंगाच्या पेनाने सही घेतली. ते डीसीपींच्या अर्जाला जोडा. उद्या त्या कागदावर ‘मी स्कूटरवरून पडलो’ असं उगवलं, तर आपलं म्हणणं आधीच्या तारखेचं असेल.

डीसीपींकडून काही झालं नाही तर मंगळवारी जनसुनावणीत कमिश्नर कार्यालयात जा आणि अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. त्यानंतर मॅजिस्ट्रेट. शपथपत्रासह अर्ज करता येतो, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या 175 (4) मध्ये एक अडसर आहे. सरकारी नोकराने कामाच्या ओघात केलेल्या गोष्टीबद्दल तक्रार असेल, तर मॅजिस्ट्रेट आधी त्याच्या वरच्या अधिकाऱ्याचा अहवाल मागवतात आणि त्या नोकराचं म्हणणं ऐकतात. म्हणजे पुन्हा पोलिसाबद्दल पोलिसालाच विचारायचं. भोपाळच्या मानवाधिकार आयोगाकडेही अर्ज टाकून ठेवा, घटनेपासून एक वर्षाची मुदत असते. वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात तुमच्या नावाने अर्ज करा. स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

खरं तर तुमच्यासारख्यांसाठी वेगळं दार असायला हवं होतं. प्रकाश सिंह प्रकरणात 22 सप्टेंबर 2006 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या हाताखाली पोलीस तक्रार प्राधिकरण असावं. तुमचा मुलगा तेव्हा बालवाडीच्या वयाचा असेल. बऱ्याच राज्यांनी ते कागदावरच ठेवलं, कुठे त्यात मंत्री आणि अधिकारीच नेऊन बसवले. कोर्टाचा हुकूमही कसा रखडतो, याचं आमच्या राज्यातलंच उदाहरण सांगते. गुना जिल्ह्यात म्याना ठाण्याच्या कोठडीत जुलै 2024 मध्ये देवा पारधी हा तरुण मरण पावला, लग्न तोंडावर असताना. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तपास सीबीआयला दिला आणि जबाबदार पोलिसांना महिन्याभरात अटक करा म्हटलं. सप्टेंबर उजाडला तरी अटक नाही. न्यायालयाच्या अवमानाची वेळ आली तेव्हा चाकं हलली. सर्वोच्च न्यायालयाची ही गत असेल तर तुमच्या अर्जाला वेळ लागेल, तेवढी मनाची तयारी ठेवा.

राहिले यजमान. त्यांना सांगा की साक्षीसाठी 60 च्या वरच्या पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या बाईला ठाण्यात बोलावता येत नाही. चौकशी करायची तर पोलिसांनी तुमच्या घरी यायचं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179, एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. त्यांची भीती मी खोटी म्हणत नाही. 1996 मध्ये, वकिलीची सुरुवात असताना, एका रिक्षावाल्याची केस माझ्याकडे आली. ठाण्यात काठीने त्याचा हात फोडला होता आणि रिक्षा आवारात अडकवून ठेवली होती. मीच त्याला राजीनाम्यावर, म्हणजे तडजोडीच्या कागदावर, सही करायला लावली. रिक्षा त्याच संध्याकाळी सुटली. त्याच डिसेंबरात डी. के. बसू प्रकरणाचा निकाल आला: अटकेचा मेमो, घरच्यांना खबर, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी. मी तो निकाल वाचला आणि त्याचाच हात आठवला. पुढे एकदा जेल रोडवर तो भेटला. हँडलवर दोन बोटं सरळच राहिलेली. मला म्हणाला, ‘वकीलबाई, आपने अच्छा किया, गाड़ी छूट गई.’ मनापासून म्हणाला. तेव्हापासून ‘बंद करा’ हा सल्ला मी कोणाला दिलेला नाही. पण कान मुलाचा आहे आणि मुलगा 22 चा आहे. तुम्ही दोघं त्याच्या डोक्यावरून ठरवताय असं पत्रावरून वाटलं. त्याला विचारा.

प्रश्न: पोलीस रस्त्यावर गैरवागणूक करत असेल तर व्हिडिओ काढणं गुन्हा आहे का? मोबाइल हिसकावतात.
राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: रस्त्यावर नुसतं चित्रण करणं हा गुन्हा नाही. कामात आडवे पडलात तर अडथळ्याचं कलम लागेल, म्हणून चार पावलं लांब उभं राहा आणि तोंड बंद ठेवा. आपल्या इंदूरकरांना हे दुसरं जड जातं. ठाण्याच्या आतलं विचाराल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये म्हटलं आहे की शासकीय गुपितांच्या कायद्यातली ‘निषिद्ध जागा’ म्हणजे पोलीस ठाणं नव्हे. तो निकाल मध्य प्रदेशावर बांधील नाही, पण दाखवता येतो. मोबाइल घेतलाच तर जप्तीची पावती मागा.

प्रश्न: माझे मिस्टर पोलिसात आरक्षक (शिपाई) आहेत. तुम्ही नेहमी पोलिसांविरुद्धच लिहिता. मागच्या महिन्यात साहेबांनी तोंडी सांगितलं म्हणून ते एका माणसाला उचलून आणायला गेले. ओरड झाली आणि लाइन अटैच झाले माझे मिस्टर. साहेब जागेवरच आहेत. याचा जबाब कोण देणार?
एक वाचक, इंदूर

उत्तर: तुमची तक्रार मला मान्य आहे. वरच्या पत्रातली आई जो जबाब मागते आहे, तोच तुम्ही मागताय. लाइन अटैच, म्हणजे ठाण्यातून काढून पोलीस लाइनीत बसवणं, ही शिक्षा नव्हे, पेपरात छापायला बातमी आहे. वर्दी तीच, पगार तोच, फक्त माणूस डोळ्यांआड. चौकशी थंडावली की दुसऱ्या ठाण्यात. आपल्याकडे अजून 1861 चा पोलीस कायदा चालतो. त्याच्या कलम 29 मध्ये कर्तव्य मोडणाऱ्याला जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराइतका दंड किंवा तीन महिने कैद, किंवा दोन्ही. सत्तावन्नचं बंड शमवून इंग्रजांनी केलेला कायदा तो, शिपायाने हुकूम ऐकावा एवढीच त्यांना काळजी.

आणखी एक गोष्ट मिस्टरांना सांगा, कारण शिपायांना ती बहुधा कोणी सांगत नाही. खटला भरण्याआधी सरकारची मंजुरी लागते, ते संरक्षण (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 218) सरकारशिवाय ज्याला नोकरीतून काढता येत नाही अशा अधिकाऱ्यासाठी आहे. सरकारने वेगळी अधिसूचना काढली नसेल तर आरक्षकाला ते मिळत नाही. प्रकरण कोर्टात गेलं की साहेबांच्या डोक्यावर छत्री असते, मिस्टर पावसात. नव्या कलमात मंजुरीवर 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाली असं धरायचं, एवढी सुधारणा झाली आहे.

तोंडी हुकमाला पुरावा नसतो. मिस्टरांनी यापुढे ठाण्यातून निघताना रोजनामच्यात रवानगी टाकावी: कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या कामाला, किती वाजता. परत आल्यावर वापसी, आणि सोबत कोणाला आणलं त्याचं नाव. मोहरीर (ठाण्याचा कारकून) नको म्हणाला तर त्याच दिवशी अर्ज लिहून आवकला द्यावा. आत्ताच्या चौकशीत लेखी जबाब देताना साहेबांचं नाव, वेळ आणि त्यांचा फोन किती वाजता आला ते लिहावं. त्या दिवसाचे कॉल अजून मोबाइलमध्ये असतील तर आज रात्रीच स्क्रीनशॉट काढून ठेवा.