परतीचं तिकीट तुमचं, मग गाडी कुणाच्या नावावर?

प्रश्न: मी ६२ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, नाशिकला राहतो. लेक आणि जावई न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला असतात. नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने आम्ही दोघं त्यांच्याकडे जाणार आहोत. त्यांच्या दोन्ही गाड्या सकाळीच ऑफिसला जातात आणि आम्हाला पाच महिने घरात बसून काढायचे नाहीत. ६,००० डॉलरपर्यंत बरी जुनी गाडी मिळते असं जावई म्हणतात. भाड्याची गाडी मला तर परवडणारी दिसत नाही. मुदत ठेव मोडून गाडी घेऊ का? येताना विकून पैसे परत येतीलच.

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ‘येतीलच’मधल्या त्या ‘च’वर तुमचा सगळा हिशेब उभा आहे, म्हणून आधी तोच हलवून बघतो.

तिकडे नोव्हेंबरात उन्हाळा तोंडावर येतो. जगभरची तरुण मुलं पाठीवर पिशव्या लावून उतरतात, महिना-दोन महिने फिरायला स्वस्त गाडी शोधतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जाताना तीच गाडी विकायला काढतात. म्हणजे तुम्ही घ्यायला जाल तेव्हा बाजार चढलेला आणि विकायला जाल तेव्हा भरलेला. माझ्या एका अशिलांनी ऑकलंडमध्ये नेमकं हेच केलं. गाडी चांगली होती, जपून वापरलेली होती. शेवटच्या रविवारी बघायला आलेल्या मुलाने बॉनेट उघडलं नाही, टायर बघितले नाहीत, एवढंच विचारलं, ‘तुमचं विमान कधी आहे?’ हे प्रामाणिकपणे म्हणाले, ‘बुधवारी.’ मग मुलाने जो भाव सांगितला, त्याला मान डोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अडला हरी, दुसरं काय.

आता आकडे मांडू. सोयीसाठी न्यूझीलंडचा डॉलर ५० रुपयांना धरतो. खालच्या रकमा माझा अंदाज आहेत, जाण्याआधी जावयांकडून तपासून घ्या.

६,००० ची गाडी ४,५०० ला विकली गेली असं धरू, म्हणजे १,५०० गेले. घेण्याआधी मेकॅनिककडून तपासणी, तीही दोन गाड्यांची, कारण पहिली बहुधा नापास होते: ४००. पाच महिन्यांचं रेगो, म्हणजे रस्त्यावर गाडी चालवण्याचा परवाना शुल्क, आणि डब्ल्यूओएफ ही गाडीच्या तंदुरुस्तीची तपासणी मिळून १३०. विमा २५०. ऑइल बदलणं, एखादी बॅटरी, एखादा टायर असं ३००. बेरीज २,५८०. तीन लाखांची ठेव पाच महिने मोडली तर सात टक्क्यांनी साधारण ८,७५० रुपये व्याज बुडालं, ते १७५ डॉलर. पैसे रुपयातून डॉलरमध्ये आणि पुन्हा रुपयात आणताना दोन्ही वेळा बँक आपला वाटा कापते. हे सगळं धरून साधारण ३,००० डॉलर, म्हणजे दीड लाख रुपये, हा पाच महिन्यांच्या गाडीचा खरा खर्च. पेट्रोल दोन्हीकडे तेवढंच लागेल, म्हणून ते बाजूला ठेवलंय.

भाड्याची गाडी सलग १५० दिवस, जुन्या गाड्या देणाऱ्या छोट्या कंपनीकडून रोज ४५ डॉलरने घेतली तरी ६,७५० होतात. शिवाय त्या ४५ मध्ये एक मेख असते. अपघात झाला तर पहिले तीन-चार हजार डॉलर तुमचे, आणि तेवढी रक्कम कंपनी क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवते. ती जबाबदारी कमी करायची तर रोज आणखी वीस-तीस डॉलर मोजा. सलग भाड्याचा विचार तुम्ही सोडलात ते बरोबरच आहे.

पण गाडी तुम्हाला रोज लागणार आहे का? हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, म्हणून मी विचारतो. हॅमिल्टनहून रागलानचा समुद्र पाऊण-एक तासावर, रोटोरुआ दीड तासावर, टाउरंगाही तेवढंच. पहिला महिना तुम्ही रोज निघाल, मग नातवंडांची शाळा, लेकीचं ‘आज जरा घरी थांबता का’, पाऊस. आठवड्याला दोन दिवस धरले तर पाच महिन्यांत ४४ दिवस होतात. तेवढ्याच दिवसांपुरती गाडी ६० डॉलर रोजाने घेतली तर २,६४०. म्हणजे ५० दिवसांच्या आत फिरणार असाल तर भाडं स्वस्त, त्यापुढे स्वतःची गाडी. तुम्ही दोघांनी समोर कॅलेंडर घेऊन बसा आणि खरे दिवस मोजा. ‘गाडी असली की निघूच’ हे दिवस मोजू नका.

माझा कौल तरीही गाडी घेण्याकडेच आहे, पण तुमच्या पद्धतीने नाही. गाडी लेकीने घ्यावी, तिच्या पैशांनी, तिच्याच नावावर. तुम्ही मोडणार ती ठेव मोडू नका. विकल्यावर जो तोटा निघेल तो तुम्ही तिला द्या, हवं तर आत्ताच लिहून ठेवा. बाप-लेकीत हिशेब कसला, असं तुम्ही म्हणाल. पण मध्ये जावईही आहेत, आणि मी हे गेली बरीच वर्षं बघतोय.

यात तीन गोष्टी साधतात. एक, पैसे इथून तिथे आणि तिथून इथे फिरत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, हाही लागत नाही, त्यामुळे नियमांची अडचण नाही. पण गाडी विकून आलेली रक्कम तुमच्याकडे पडून राहिली तर ती परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत जमा करण्याची जबाबदारी मागे लागते. कशाला? दोन, विमा तिच्या नावावर सहज निघतो. आणि तीन, सगळ्यात मोठी: विकायची घाई उरत नाही.

तिला मार्चमध्ये विकायची गरजच नाही. घरी गॅरेज किंवा अंगण असेल तर गाडी आत लावून रेगो किमान तीन महिन्यांसाठी थांबवता येतं. तेवढा काळ ती रस्त्यावर आणायची नाही, एवढीच अट. ऑक्टोबर-नोव्हेंबरात डब्ल्यूओएफ करून विकली की पिशव्यावाली मुलं पुन्हा आलेलीच असतात. आणि तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा जाणार असाल, तर मग विकायचीच कशाला? आईवडिलांसाठीच्या व्हिजावर तीन वर्षांत एकूण १८ महिने राहता येतं, एका वेळी सहा महिने. दोन फेऱ्यांवर खर्च वाटला की भाड्याचा विषयच संपतो.

विम्याबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला पटत नाही. न्यूझीलंडमध्ये थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. अपघातात कुणाला इजा झाली तर उपचाराचा खर्च एसीसी ही सरकारी योजना उचलते, अगदी पाहुण्यांचाही. पण तुम्ही समोरच्याच्या महागड्या गाडीला धडकलात तर ते बिल तुमच्या खिशातून. त्यामुळे किमान थर्ड पार्टी विमा घ्याच, आणि गाडी चालवणारा भारतीय लायसन्सवाला ६२ वर्षांचा माणूस आहे हे विमा कंपनीला स्पष्ट सांगा. ते लपवलं तर दावा नाकारला जाईल. एसीसी आजारपणाचं बघत नाही, तेव्हा प्रवास विमा वेगळा लागेलच.

गाडी निवडताना डिझेलच्या मोहात पडू नका. पंपावर डिझेल स्वस्त दिसतं, पण त्यावरचा रस्त्याचा कर किलोमीटरवर भरावा लागतो, लहान गाडीला हजार किलोमीटरमागे ७६ डॉलर. टोयोटा-माझदाच्या छोट्या पेट्रोल गाड्या, जपानहून वापरून आलेल्या, तिथे मुबलक मिळतात. डब्ल्यूओएफ महिन्याच्या आतला हवा. विकणारा ‘आहे तशी घ्या’ म्हणून सही मागत असेल तर उठून या. पीपीएसआर नावाच्या नोंदणीत आधीच्या मालकाचं कर्ज बाकी नाही ना, हे गाडीच्या नंबरवरून बघता येतं. कर्ज असेल तर सावकार गाडी तुमच्या दारातून उचलून नेऊ शकतो. एवढं बघितलं की मालकी बदलणं ऑनलाइन मिनिटांत होतं, आरटीओत फेऱ्या नाहीत. आपल्याकडे नावावर करून घ्यायला किती चपला झिजतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दक्षिण बेटाचा प्रवास मात्र या गाडीने करू नका. हॅमिल्टन ते वेलिंग्टन पाच-सहाशे किलोमीटर, पुढे फेरीबोटीत गाडीचं वेगळं भाडं, आणि क्वीन्सटाउनच्या घाटात पंधरा वर्षांची गाडी बंद पडली तर टो करून आणण्यातच तोटा दुप्पट होईल. विमानाने क्राइस्टचर्चला जा आणि तिथून दहा दिवसांपुरती नवी गाडी भाड्याने घ्या. तो खर्च सहलीचा, गाडीचा नाही.

शेवटी, नाशिकमध्येच करायचं एक काम. तुमच्या लायसन्सची मुदत बघा. पंचावन्नीनंतर ते पाच-पाच वर्षांसाठीच नूतनीकरण होतं आणि या वयात नेमकं परदेशात असतानाच संपतं. आधी ते करा, मग हजार रुपयांत आंतरराष्ट्रीय परवाना काढा. लायसन्स इंग्रजीत असेल तर कायद्याने तो लागत नाही, पण भाड्याच्या काउंटरवर विचारतात.