अष्टपैलू सायकलपटूने कोणत्या शर्यती निवडाव्यात?

प्रश्न असा आहे: स्प्रिंट (शेवटची वेगवान धाव), टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत), चढ असं सगळंच जमणाऱ्या वाउट व्हान आर्टसारख्या व्यावसायिक सायकलपटूने हंगामात कशाला प्राधान्य द्यावं?

आधी काय सोडायचं ते ठरवावं. २०२१च्या टूर द फ्रान्समध्ये व्हान आर्टने मों व्हाँतू या अवघड चढाचा टप्पा जिंकला, विसाव्या टप्प्याची टाइम ट्रायल जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी पॅरिसमधली स्प्रिंटही मारली. अशा माणसाला प्रत्येक शर्यत आपलीच वाटते आणि तिथेच घोडं पेंड खातं.

पहिली चाळणी वजनाची. तासाभराचा चढ किलोमागे ६ वॉटने काढायचा तर ७८ किलोच्या रायडरला ४६८ वॉट लागतात, ६६ किलोच्याला ३९६. सपाटीवर मात्र वारा कापायचा असतो, तिथे जास्तीचे वॉट जड रायडरच्या कामी येतात. त्यामुळे पंच्याहत्तर किलोच्या पुढच्या माणसाने ग्रँड टूरच्या (तीन आठवड्यांच्या शर्यतीच्या) एकूण विजेतेपदाचा नाद सोडावा. त्यासाठी तीन-चार किलो उतरवायला गेलात तर स्प्रिंट आणि कॉबल्सवरची (दगडी रस्त्यांवरची) ताकद दोन्ही हातची जातात.

दुसरी चाळणी थकलेल्या पायांची, आणि माझ्या मते हीच खरी. फ्लँडर्स या बेल्जियममधल्या एकदिवसीय शर्यतीत ओडे क्वारेमोंटचा चढ (२.२ किमी) शेवटच्या वेळी येतो तेव्हा २५० किमी झालेले असतात. ताज्या पायांच्या आकड्यांना तिथे कोणी विचारत नाही. सरावात ३,००० किलोज्यूल खर्च करा, तासाला ९० ते १२० ग्रॅम कार्बोहायड्रेट घेत राहा आणि मग पाच मिनिटांची चाचणी द्या. ताज्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घसरण दिसली तर मॉन्युमेंटपेक्षा (सर्वात मोठ्या पाच एकदिवसीय शर्यतींपेक्षा) दोनशे किमीच्या आतले टप्पे बरे. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

मग वसंत ऋतूतल्या एकदिवसीय शर्यतींचं कॅलेंडर. २०२५ मध्ये सान रेमो २२ मार्चला, फ्लँडर्स ६ एप्रिलला, रुबे १३ला, आम्स्टेल २०ला आणि लिएज २७ला होती. पहिल्या तिन्ही शर्यती एकाच शरीराला झेपतात. लिएजला चार हजार मीटरहून जास्त चढ असतो, तिथे गणितच वेगळं. व्हान आर्टचा प्रतिस्पर्धी व्हान डर पूल याने त्या वर्षी सान रेमो आणि रुबे जिंकून वसंत ऋतू तिथेच आटोपता घेतला. व्हान आर्ट फ्लँडर्स, रुबे आणि आम्स्टेल तिन्हीकडे चौथा आला. स्लोव्हेनियाच्या पोगाचारने यातलं सगळं खेळून लिएज जिंकली खरी, पण त्याची नक्कल करू नये.

उंच डोंगरावरच्या सराव शिबिराला साधारण तीन आठवडे लागतात आणि ते मुख्य शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी संपायला हवं. म्हणजे फ्लँडर्ससाठी तेइदेवर (टेनेरिफ बेटावरच्या डोंगरावर) राहिलात की मार्चमधल्या तिरेनो या इटालियन शर्यतीवर किंवा सान रेमोवर पाणी सोडावं लागतं. २०२४ मध्ये व्हान आर्टने तेच केलं, पण फ्लँडर्सच्या चारच दिवस आधी द्वार्स दोर व्लांडरन या बेल्जियन शर्यतीत पडून हाडं मोडली आणि सगळा वसंत ऋतू गेला. शिबिराची कल्पना बरोबरच होती. मुख्य शर्यतीच्या आठवड्यात अरुंद रस्त्यांवरची आणखी एक शर्यत धरायची, तर तिथे जिंकण्यात खरंच रस आहे का, हे आधी स्वतःला विचारावं.

करारासाठी क्रमवारीचे गुणही मोजा. मॉन्युमेंट जिंकल्यास ८००, टूरचा टप्पा जिंकल्यास २१०. त्यामुळे जुलैत टूरमध्ये संघाच्या नेत्यासाठी राबायचं असेल, तर कोणत्या टप्प्यांवर स्वतःसाठी मोकळीक मिळेल ते संघाकडून डिसेंबरच्या शिबिरातच ठरवून घ्यावं.