वाचकांचे प्रश्न : नागासाकीतला रविवार

प्रश्न : आम्ही वसईतल्या गासचे. मुलगा ओसाकाला नोकरीला आहे, मेमध्ये दहा दिवस त्याच्याकडे जाणार आहोत. त्यातला एक शनिवार-रविवार नागासाकीला काढायचा विचार आहे. सोबत सासूबाई आहेत, वय ७३. त्यांना रविवारची चर्चमधली मिस्सा चुकवायची नाही आणि संत गोन्सालो गार्सियांची जागा बघायचीच आहे. आमच्या ह्यांचं म्हणणं, जपानी एक अक्षर कळणार नाही, हातात दोनच दिवस, तर तो वेळ शहर बघायला द्यावा. दोन्ही कसं जमवायचं?
— एक वाचक, गास

उत्तर : सासूबाईंचं ऐका. मी आणि माझे यजमान २०२३च्या नोव्हेंबरात तिथे जाऊन आलो. निघताना माझंही गणित तुमच्या ह्यांच्यासारखंच होतं. आधी म्युझियम, मग बंदर, आणि वेळ उरला तर मिस्सा. तिथे पोचल्यावर समजलं, नागासाकी बघायचं तर ते चर्चमधूनच बघावं लागतं.

ओसाकाहून शिंकान्सेनने हाकाताला या. तिथून दीड तासात नागासाकी. मध्ये ताकेओ-ओन्सेनला गाडी बदलावी लागते, पण दुसरी गाडी त्याच फलाटावर समोर उभी असते, जिना चढायचा नाही. सासूबाईंना त्रास होणार नाही.

शनिवारी उतरलात की सामान हॉटेलवर टाका आणि सरळ निशिझाकाच्या टेकडीवर जा. स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं, फक्त चढ आहे. आम्ही ही जागा ‘स्टेशनजवळच आहे, जाता जाता बघू’ म्हणून शेवटी ठेवली आणि गाडीच्या वेळेमुळे पाऊण तासात निघावं लागलं. त्याची चुटपुट अजून आहे. तुम्ही तसं करू नका.

५ फेब्रुवारी १५९७ला याच टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं. हुकूम जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याचा. क्योतोमध्ये त्यांच्यातल्या बहुतेकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि भर हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर चालवत इथे आणलं. त्यातले वीस जण जपानी होते. सगळ्यात लहान लुईस इबाराकी, बारा वर्षांचा. आणि त्यांच्यात आपला गोन्सालो, वसईत जन्मलेला, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. त्याला जपानी उत्तम येत असे, म्हणून फ्रान्सिस्कन फादरांचा दुभाषा तोच. १८६२मध्ये पोप नववे पायस यांनी या सगळ्यांना संतपद दिलं.

तिथलं स्मारक १९६२चं, शिल्पकार यासुताके फुनाकोशी. ब्राँझच्या २६ मूर्ती एका ओळीत आहेत, पण क्रूस कुठेच नाही. पावलं खाली लोंबती ठेवली आहेत, जणू आत्ताच जमीन सोडून वर निघालेत. मला त्यातला आपला कोणता ते ओळखू येईना. तिथल्याच म्युझियमच्या काउंटरवरच्या बाईंना मी नुसतं ‘गोन्सालो, इंडिया’ म्हटलं. त्या उठून माझ्याबरोबर बाहेर आल्या, बोट न दाखवता अख्खा तळहात त्याच्याकडे केला आणि वाकल्या. आपल्या गासच्या चर्चचं नाव ज्याच्यावरून, तो तिथे उभा होता. मी डोक्यावर पदर घेतला आणि ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ म्हटलं, मोठ्यानेच. त्या तेवढा वेळ थांबल्या.

तिथून ट्रामने ओउरा तेन्शुदो. १८६४मध्ये बांधून झालेलं हे चर्च याच २६ हुतात्म्यांना वाहिलेलं आहे आणि त्याचं तोंड निशिझाकाकडे आहे. आत जायला तिकीट लागतं, फोटो काढू देत नाहीत. पर्यटकांमुळे रोजची मिस्सा या जुन्या इमारतीत होत नाही, शेजारच्या नव्या चर्चमध्ये होते, म्हणून रविवारी इथे येऊन फसू नका. पण आत बाकावर निदान दहा मिनिटं बसा. १७ मार्च १८६५ला उराकामी गावचे काही शेतकरी इथे आले आणि त्यांच्यातली एक बाई इथल्या फ्रेंच फादर पेतिजाँच्या कानात म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? जवळपास २५० वर्षं धर्मावर बंदी, फादर नाहीत, मिस्सा नाही, तरी आई मुलाला कुजबुजत प्रार्थना शिकवत आली. आपल्याकडे रोझरीच्या प्रार्थनेला मुलं टीव्हीसमोरून उठत नाहीत म्हणून आपण चिडतो. मला त्या बाकावर माझी आजी फार आठवली.

रविवारची मिस्सा घ्या उराकामी कॅथेड्रलमध्ये. वेळा त्यांच्या वेबसाइटवर आधी बघून ठेवा. ट्रामचा थांबा हेइवा कोएन, पुढे दहा मिनिटांचा रस्ता, शेवटी चढ. सासूबाईंसाठी हॉटेलवरूनच टॅक्सी करा, दारापर्यंत जाते.

बंदीच्या काळात ख्रिस्ताचं किंवा मरियेचं चित्र पायदळी तुडवून ‘आम्ही ख्रिस्ती नाही’ असं गावकऱ्यांना सिद्ध करावं लागे. ते ज्या मुखियाच्या घरात होई, तीच जागा बंदी उठल्यावर त्यांनी विकत घेतली आणि १८९५ पासून पैसा पैसा जोडून तिथे चर्च उभं केलं. ९ ऑगस्ट १९४५ला ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला तो तिथून साधारण ५०० मीटरवर. मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता, लोक पापनिवेदनाला आले होते. आतलं कोणी वाचलं नाही. उराकामीतल्या १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० गेले. आजची इमारत १९५९ची.

भाषेचं म्हणाल तर मिस्सेला जपानीतही ‘मिसा’च म्हणतात. आमेन, हालेलुया तेच. कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं, हे आपल्या अंगात भिनलेलं असतं. ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ मी तर सुरावरूनच ओळखलं. तिथल्या बऱ्याच बायका डोक्यावर पांढरी ओढणी घेतात, आपल्याकडच्या म्हाताऱ्या पदर घेतात तशीच. सासूबाईंना परकं वाटणार नाही. मिस्सेत एकमेकांना शांती देण्याच्या वेळी हात मिळवत नाहीत, एकमेकांकडे वळून वाकतात. माझ्या शेजारच्या आजींनी आपलं गीतांचं पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि प्रत्येक ओळीखाली बोट सरकवत राहिल्या. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी शेवटपर्यंत मी त्या बोटाबरोबर होते.

मिस्सेनंतर तिथल्या छोट्या चॅपलमधली मरिया बघितल्याशिवाय निघू नका. मूर्ती लाकडाची होती, उरलंय फक्त शिर. गाल होरपळलेला, डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी. बाहेर उतारावर जुन्या मनोऱ्याचा घुमट पडला तिथेच ठेवलाय. दोन घंटांपैकी एक वाचली होती. दुसरीची जागा अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून भरली आणि ९ ऑगस्ट २०२५ला ८० वर्षांनी दोन्ही एकत्र वाजल्या.

एवढं झालं की शहर बघून झालं म्हणा. ग्लोव्हर गार्डन राहिलं तर राहू द्या. कास्तेला मात्र घ्या. हा केक पोर्तुगिजांनी आणलेला, तसाच आपला पाव. जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात, दोन्ही शब्द एकाच घरचे. सासूबाईंना चहात बुडवून आवडेल.

प्रश्न : आम्ही हिंदू आहोत, पुण्याचे. परदेशात चर्च बघायला गेलो आणि मिस्सा सुरू असेल तर बसलं तर चालतं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जरूर बसा, मागच्या बाकावर. सगळे उठले की उठा, गुडघे टेकायची सक्ती नाही. फादर वाटतात तो ख्रिस्तप्रसाद मात्र घेऊ नका, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो. रांग पुढे सरकेल तेव्हा जागेवरच बसा, कोणी वाईट मानत नाही. मिस्सा चालू असताना आत फिरू नका. ती संपली तरी लगेच कॅमेरा काढू नका. काही माणसं अजून गुडघ्यांवर असतात, ती उठेपर्यंत थांबा.